प्लास्टिक कमी, कचरा कमी: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची मीटिंग असो, हळदीकुंकू असो की शाळेतली पालकसभा, कचऱ्याचा विषय निघाला की फिरून फिरून हेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बहुतेक उत्तरं शहरातल्या फ्लॅटला धरून आहेत. गावाकडे जिथे वेगळं आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

घरातल्या कचऱ्याच्या डब्यापासून. दोन दिवसांचा सुका कचरा साठवा, जुन्या वर्तमानपत्रावर ओता आणि नीट बघा. बहुतेक घरांत तेच ते निघतं: दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे आणि फरसाणाचे पुडे, दह्याचे डबे, भाजीबरोबर आलेल्या पातळ पिशव्या, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची पाकिटं. ज्याचा ढीग सगळ्यात मोठा, त्याच्यामागे पहिला महिना लागा. बाकीचं तसंच चालू द्या. एका रविवारी अख्खं घर बदलायला निघालेली मंडळी महिन्याभरात मूळपदावर येतात, हे इतक्या घरांत पाहिलंय की आता मी ते आधीच सांगून टाकते.

आणि कृपा करून पहिल्याच दिवशी बांबूचे चमचे आणि स्टीलचे स्ट्रॉ मागवू नका. आपल्याकडे स्ट्रॉ लागतो तरी किती जणांना? शहाळ्याला तोंड लावूनही पाणी पिता येतं.

घरात आधीच असलेले प्लास्टिकचे डबे टाकून द्यायचे का?

मुळीच नाही. चांगला डबा टाकून त्या जागी काचेची बरणी आणली, तर कचरा वाढलाच. डबे फुटेपर्यंत वापरा. फक्त गरम आमटी-भाजी, तेलकट पदार्थ आणि लोणचं त्यातून काढून स्टील, काच किंवा चिनीमातीत ठेवा. आइस्क्रीमचे आणि हॉटेलच्या पार्सलचे डबे मात्र खाण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरायच्या तयारीने बनवलेलेच नसतात. त्यांत खिळे, बटणं, शिवणाचं सामान ठेवा.

हे सगळं महाग पडतं ना?

दुकानातून ‘इको’ लिहिलेल्या वस्तू घेत सुटलात तर पडतं. ही जीवनशैली म्हणून बाजारात जे विकलं जातं, त्यातलं निम्मं आपल्याला लागत नाही. डब्यात धान्य घेऊन गिरणीत जाणं, रद्दी आणि बाटल्या विकणं, जुन्या साड्यांची गोधडी शिवणं, पाहुणे वाढले तर शेजारून ताटं आणणं हे पैसे वाचवणारेच उद्योग आहेत. आपल्या आज्यांनी ते पर्यावरणासाठी केले नव्हते, काटकसर म्हणून केले होते. काटकसर हाच हेतू ठेवलात तरी चालेल, कचरा तेवढाच कमी होतो.

एक-दोन ठिकाणी सुरुवातीला पैसे जातात. चांगला स्टीलचा डबा, मासिक पाळीसाठी कप, कंपोस्टची बादली. ते वसूल होतात.

वाणसामान पिशवीशिवाय कसं आणायचं? दुकानदार वैतागतो.

सुरुवातीला वैतागेल. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, गर्दीच्या वेळी जायचं नाही. संध्याकाळी सातला दुकानात आठ गिऱ्हाइकं उभी असताना तुम्ही पाच डबे पुढे केलेत, तर कोणीही वैतागेल. दुपारी तीनला जा. दुसरा, रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्य करायला सांगा. हल्ली बहुतेक दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यावर एका बटणाचं काम आहे. जुना तराजू असेल, तर डब्याचं वजन घरीच करून झाकणाखाली रंगाने लिहून ठेवा. चार-पाच वेळा असं झालं की दुकानदार स्वतःच डबा ओढून घेतो.

डाळी, तांदूळ, पोहे, साखर, शेंगदाणे यांना डबा नेण्याचीही गरज नाही. जुन्या ओढणीच्या किंवा धोतराच्या नाडीच्या पिशव्या शिवा. रवा, बेसन अशा बारीक पिठांना जाड, घट्ट विणीचं कापड हवं, नाहीतर घरी येईपर्यंत पिशवीबाहेर निम्मं शंकरपाळ्यांचं पीठ सांडलेलं असतं.

मॉलमधल्या सुट्या धान्याच्या विभागाचं मला फारसं कौतुक नाही. तिथे धान्य सुटं असतं, पण शेजारी प्लास्टिकच्या पिशव्यांचा रोल टांगलेला असतो, आणि स्वतःची पिशवी चालेल का, हे विचारलं की तीन माणसांकडे बोट दाखवलं जातं. कोपऱ्यावरचा वाणी या कामाला केव्हाही बरा.

तेल सुटं मिळत नाही, मग काय करायचं?

सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर अन्नसुरक्षेच्या नियमांत बंधनं आहेत आणि त्यामागे कारण आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि जलोदरासारख्या आजाराने माणसं दगावली. तेव्हा इथे हट्ट नको. एक-एक लिटरच्या पिशव्या घेण्याऐवजी पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा. रिकामा डबा भंगारात विकला जातो, किंवा त्यात कढीपत्ता लावता येतो.

मटण, मासळी आणायची तर काळी पिशवी लागतेच ना?

लागत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कोळीण हसेल, मग मासळी साफ करून त्यातच टाकेल. कोळंबी आणि बोंबील यांचं पाणी सुटतं, म्हणून त्यांना डबा पिशवीपेक्षा चांगलाच. गाडीवरून येताना डबा कापडी पिशवीत उभा ठेवा. हा डबा स्वयंपाकाच्या इतर डब्यांत मिसळू नका, म्हणजे घरातल्या शाकाहारी मंडळींशी वाद होणार नाही.

दुधाच्या पिशव्यांचं काय करायचं?

गवळ्याचा रतीब मिळत असेल आणि दूध चांगलं असेल, तर प्रश्न मिटला. पातेलं दारात, बास. नसेल, तर पिशवी घ्या, पण ती टाकू नका. दुधाची पिशवी एकाच जातीच्या, स्वच्छ, पुनर्वापर होणाऱ्या प्लास्टिकची असते आणि भंगारात तिला भाव मिळतो. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली, ती त्या परत गोळा व्हाव्यात या अटीवर. ग्राहकाकडून पिशवीमागे ५० पैसे अनामत घ्यायची, अशी योजनाही त्यात होती.

पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तिरका छेद द्या आणि तो तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. सुटलेला इवलासा तुकडा कोणी वेचत नाही. तो मोरीत जातो, तिथून गटारात. मग पिशवी आतून विसळा, ते पांढरं पाणी झाडांना घाला, पिशवी उलटी करून दोरीवर वाळवा. दर महिन्याला एक गठ्ठा जमतो. धुतलेली, सुकलेली पिशवी भंगारवाला आनंदाने नेतो. आंबलेली नेत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

कापडी पिशवी घरीच विसरते.

सगळ्यांचीच विसरते. गाडीच्या डिकीत एक, पर्समध्ये घडी केलेली एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक. भाजी घरी काढून ठेवली की रिकामी पिशवी लगेच चपलांच्या स्टँडवर अडकवायची, कपाटात ठेवायची नाही.

दुकानात मिळते ती कापडासारखी रंगीत पिशवी चालते का?

ती कापडाची नसते. तिला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. खात्री करायची असेल तर एक धागा उपसून बघा. विणलेला धागा निघतच नाही, नुसता कापसासारखा पुंजका येतो. काही महिन्यांत ती उन्हाने भुगा होऊन झडते आणि तो भुगा गोळा करणं कोणालाच शक्य नाही.

खरी सुती पिशवीसुद्धा वापराविना कपाटात पडली तर वायाच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८मध्ये पिशव्यांची तुलना केली होती. पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला नवी सुती पिशवी केवळ हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबात ५० हून अधिक वेळा वापरावी लागते, आणि पाणी, खतं वगैरे सगळं धरलं तर हजारो वेळा. कापूस पिकवायला पाणी आणि फवारे लागतात, विदर्भात हे सांगायला नको. म्हणून समारंभात फुकट मिळणाऱ्या, नाव छापलेल्या नव्या पिशव्या नम्रपणे नाकारा. जुन्या चादरीची पिशवी शिवा, तो कापूस केव्हाच पिकून झालेला आहे.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी घेतली तर?

मक्याच्या स्टार्चपासून बनवलेलं पीएलए नावाचं प्लास्टिक कुजतं, पण त्याला साधारण ६० अंशांच्या आसपास तापमान टिकून राहणारा मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो. तुमच्या बाल्कनीतल्या बादलीत ती महिनोन्‌महिने जशीच्या तशी राहते. भंगारातल्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो माल खराब करते. काही पिशव्या तर कुजतही नाहीत, फक्त बारीक तुकडे होतात. मी असल्या पिशव्यांच्या वाटेला जात नाही.

टपरीवर कागदी कपात चहा घेतला तर चालेल ना?

कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, नाहीतर चहा गळला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं की असल्या कपात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटं ठेवला, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. काचेच्या ग्लासातली कटिंग मागा. ऑफिसमध्ये स्वतःचा मग ठेवा.

सरकारने बंदी घातली आहे म्हणतात. नेमकी कशावर?

महाराष्ट्राची अधिसूचना २३ मार्च २०१८ची, आणि तिची अंमलबजावणी २३ जूनपासून सुरू झाली. हँडलच्या, बिनहँडलच्या सगळ्या प्लास्टिक पिशव्या, थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटं-वाट्या-चमचे त्यात आले. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. नंतर १ जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर काही एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या: स्ट्रॉ, प्लास्टिकच्या काडीचे कानकोरणे, फुग्यांच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ वेष्टन वगैरे. केंद्राच्या नियमांत १२० मायक्रॉनपेक्षा जाड पिशवी चालते. महाराष्ट्राचा नियम त्याहून कडक आहे. ‘जाड आहे, चालते’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हे सांगायला हरकत नाही.

प्रत्यक्षात भाजी मंडईत काय चालतं, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

कचऱ्याच्या डब्यात काळी पिशवी घातली नाही, तर डबा घाण होतो.

होतो, आणि तो धुवायचा असतो. पण तो इतका घाण होतो, कारण कचरा वेगळा केलेला नसतो, हेच खरं दुखणं. ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा, छोटा आणि रोज रिकामा होणारा हवा. तळाला वर्तमानपत्राची दुहेरी घडी घाला. चहाचा चोथा आणि उष्टं आधी गाळणीत निथळू द्या. सुक्या कचऱ्याच्या डब्याला तर पिशवी लागतच नाही, कारण त्यात ओलं काही जात नाही. ओल्या कचऱ्याची गाठ मारलेली काळी पिशवी म्हणजे पुढच्या माणसाने ती हाताने फोडावी अशी आपण केलेली सोय आहे.

कंपोस्ट घरी होतं का? फ्लॅटमध्ये जागा नाही.

होतं, आणि या संपूर्ण यादीतलं एकच काम करायचं ठरवलंत तर हेच करा. घरातल्या कचऱ्यात वजनाने सगळ्यात जास्त असतो तो ओला कचरा. तो घरात जिरला, की बाहेर जाणाऱ्या कचऱ्याला वास नाही, तो सडत नाही, आणि उरलेला कागद-प्लास्टिक स्वच्छ राहून विकला जातो.

चौघांच्या घराला झाकणाच्या दोन बादल्या पुरतात. जुन्या, रंगाच्या रिकाम्या बादल्याही चालतात. बाजूंना आणि तळाला गरम सळीने भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाला चार बोटं वाळलेली पानं. त्यावर दिवसभराची सालं, देठं, चहाचा चोथा, कुस्करलेली अंड्याची टरफलं. त्यावर तेवढीच वाळलेली पानं किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा. पहिल्या आठवड्यात वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत टाका, ते विरजणाचं काम करतं. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा. एक बादली भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. दुसरी भरेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिन्यांत, पहिलीतलं खत तयार होतं: काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसाचा वास असलेलं.

आंब्याच्या कोयी, करवंट्या, मोठी हाडं, मक्याची कणसं यांना फार वेळ लागतो, ती वेगळी ठेवा. लिंबाच्या आणि मोसंबीच्या साली थोड्याच घाला. उरलेला भात चालतो, तेलात बुडालेली भाजी नको.

वाळलेली पानं कुठून आणायची, असा पुढचा प्रश्न असतो. शिशिरात तुमच्या सोसायटीत ती झाडून जाळली जातात. ती जाळू देऊ नका, पोत्यांत भरून ठेवा. माघ-फाल्गुनात भरलेली दोन-तीन पोती पुढचं वर्षभर पुरतात.

बादलीत अळ्या झाल्या आहेत. सासूबाई म्हणतात, बंद करा.

सासूबाईंना सांगा, त्या अळ्या काम करताहेत. बहुतेक वेळा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा फस्त करतात. त्या वर चढून आल्या, तर बादली फार ओली आहे असं समजा. सुकी पानं दुप्पट घाला, मिसळा आणि एक दिवस झाकण अर्धवट उघडं ठेवा. आंबट वास येत असेल तरी इलाज तोच. मुंग्या झाल्या तर उलट, फार कोरडं झालंय, पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर खूश व्हा. फळांवरच्या बारीक माश्यांना वरचा थर नेहमी सुक्या पानांचा ठेवणं हाच उपाय, थोडी कडुनिंबाची पेंडही भुरभुरवा.

पावसाळ्यात हवा दमट असते आणि पानंही भिजतात. तेव्हा वखारीतून लाकडाचा भुसा आणा. प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

आम्ही ओला-सुका वेगळा करतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग उपयोग काय?

काही ठिकाणी हे खरं आहे, आणि चीड येणं रास्त आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरात वर्गीकरण बंधनकारक केलं, तशी ते वेगळं उचलण्याची जबाबदारी पालिकेवरही टाकली. सोसायटीच्या लेटरहेडवर, तारीख-वेळ आणि फोटोसह लेखी तक्रार करा. एकट्याची फोनवरची तक्रार हवेत जाते.

पण गाडीपर्यंत जाऊच न देणं हे त्याहून खात्रीचं. ओला कचरा घरात किंवा सोसायटीत जिरवला, सुका थेट भंगारवाल्याला किंवा कचरावेचकाला दिला, की गाडीत टाकायला फारसं उरत नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली, जी २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. त्या बायकांना प्लास्टिकच्या जाती हात लावून कळतात. कुरकुरीत वाजतं ते कुठलं, ताणलं तर लांबतं ते कुठलं, भाव कशाला. एकदा दहा मिनिटं त्यांच्याशी बोला.

भंगारात कोणतं प्लास्टिक जातं, कोणतं जात नाही?

पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या जाड बाटल्या, बादल्या, डबे, दुधाच्या पिशव्या जातात. स्वच्छ आणि कोरडं हवं, एवढीच अट. चिप्स, बिस्किटं, फरसाण, चॉकलेट, शाम्पूच्या पुड्या यांचं वेष्टन जात नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. आतून चांदीसारखं चकाकलं की समजायचं, हे कोणी विकत घेणार नाही. त्यावर उपाय एकच, ते कमी आणायचं. चिवडा, शेव, चकली हलवायाकडून डब्यात मिळते आणि चवीलाही बरी असते.

सॅनिटरी पॅड कशात टाकायचे? पर्याय काय?

पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, वेगळं द्या. पुण्यात कचरावेचकांनीच ही लाल ठिपक्याची पद्धत मागितली, कारण उघडं पॅड त्यांना हाताने उचलावं लागतं. संडासात टाकू नका.

पर्याय दोन. कापडी पॅड: आधी गार पाण्यात भिजवा, मग साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कपड्याखाली लपवून दमट कोपऱ्यात वाळवण्याने संसर्ग होतो, ती लाज सोडावी लागते. दुसरा, वैद्यकीय सिलिकॉनचा कप. नीट वापरला तर अनेक वर्षं टिकतो. पहिली दोन-तीन आवर्तनं जमायला जातात. घाई नको. तांबी बसवलेली असेल किंवा काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

तान्ह्या बाळाला घरी लंगोट, बाहेर जाताना डायपर, एवढी तडजोड बहुतेक घरांना झेपते. बाळंतिणीला यावरून उपदेश करू नये.

भांडी, कपडे, अंघोळ यांसाठी?

अंघोळीला वडीचा साबण, बाटलीतला नको. केसांना शिकेकाई-रिठा जमत असेल तर उत्तम, नाहीतर शाम्पूची मोठी बाटली घ्या, एक-एक रुपयाच्या पुड्या नकोत. भांड्यांना हिरव्या घासणीऐवजी काथ्या किंवा वाळलेलं दोडकं. फरशीसाठी लिंबा-संत्र्याच्या सालींचं आंबवलेलं पाणी करता येतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. काचेच्या बाटलीत करू नका, फुटते.

बांबूच्या ब्रशचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. कंपोस्टात टाकण्याआधी पकडीने उपटा.

सणावाराला काय करायचं? पाहुण्यांसमोर वेगळं दिसतं.

वेगळं दिसू द्या. संक्रांतीच्या वाणापासून सुरुवात करा, कारण तिथे आपण बायकाच एकमेकींना प्लास्टिकच्या चाळण्या, डब्या आणि साबणदाण्या लुटतो. दुसऱ्या दिवशी त्या माळ्यावर जातात. गूळ, तीळ, हळकुंडं, रोपं, सुती रुमाल, पंचा, काहीही लुटा, वापरलं जाईल असं लुटा.

गणपतीची मूर्ती शाडूची आणि लहान असली की घरच्या बादलीत विरघळते, ती माती पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येते. पीओपीची मूर्ती आलीच असेल, तर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती दोन-तीन दिवसांत विरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत बसवून दिली. उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खत, आणि खाली चुन्यासारखा गाळ. अमोनियाचा वास येतो, म्हणून पिंप गच्चीवर ठेवा. पितळी मूर्ती दरवर्षी पुजून सुपारीचं विसर्जन करणारी घरंही आहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. निर्माल्यातला दोरा, थर्माकोल आणि चमकी काढून मगच ते कलशात टाका.

लग्नात केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ. प्लास्टिकचा चकचकीत थर लावलेली पत्रावळ ओळखायला शिका. पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले, आणि पेले विसळायला दोन माणसांना पैसे मोजा. केटररला हे करारातच लिहून द्या, आयत्या वेळी सांगून होत नाही.

घरातले ऐकत नाहीत.

भाषण बंद करा. कचऱ्याच्या डब्यांची जागा बदला. ओला डबा ओट्याखाली हाताशी, सुका जरा लांब. माणूस जे जवळ असेल ते वापरतो.

गावाकडे गाडी येत नाही. प्लास्टिक जाळण्यावाचून काय करणार?

जाळू नका, चुलीत आणि पाणी तापवायच्या बंबात तर नाहीच. धूर नाकात जातो तो घरातल्या बाईच्या आणि लेकरांच्या. पीव्हीसी जळाला तर डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्यं बाहेर पडतात. राख मग परसात, भाजीच्या वाफ्यात जाते. उकिरड्यावर पिशवीत बांधलेलं उष्टं टाकलं, की गाय पिशवीसकट गिळते आणि ते तिच्या पोटात साचतं. प्लास्टिक पोत्यात भरून ठेवा आणि आठवडी बाजाराला जाताना तालुक्याच्या भंगारवाल्याला द्या. शेणखताचा खड्डा तुमच्याकडे आहेच, ओल्या कचऱ्यात तुम्ही शहराच्या पुढे आहात.

एका घराने काय फरक पडणार आहे?

एका घराने मुंबईची गटारं मोकळी होत नाहीत, हे खरं. २६ जुलै २००५च्या पुरात तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिक सापडलं आणि पुढच्याच वर्षी राज्याला कायदा करावा लागला. मुंबईच्या देवनार कचरा डेपोत १९२७ पासून कचरा पडतोय. २०१६च्या जानेवारीत तिथे आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, विहिरींचं पाणी गेलं, आंदोलनं झाली. आपण ‘टाकून दिला’ म्हणतो तो कचरा कोणाच्यातरी गावात असतो.

आणि उलटही घडतं. वेंगुर्ल्यात नगरपरिषदेने घराघरांतून वर्गीकरण करून घेतलं, आणि जिथे कचऱ्याचा डेपो होता, तिथे आज बाग आहे, लोक ती बघायला जातात. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्याचा गॅस करून वीज बनते. या दोन्ही ठिकाणी सगळं चालतं ते घरात कचरा वेगळा होतो म्हणून.

तुमच्या घराचा फरक आधी तुमच्या मजल्यावर दिसेल. कंपोस्टची एक बादली चालली, की शेजारच्या वहिनी झाकण उघडून वास घेऊन बघतात. मग त्यांच्या दारात बादली येते.

जुन्या कपड्यांचं काय?

बोहारीण येत असेल, तर पहिला मान तिचा. घासाघीस करून तुम्हाला पातेलं मिळेल, आणि तुमची साडी धुऊन, टाके घालून बाजारात जाईल. सुती साड्या गोधडीला, बनियन पुसण्याला, टॉवेल पायपुसण्याला. पॉलिएस्टरचे कपडे टिकाऊ असतात, पण प्रत्येक धुण्यात त्यांतून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, म्हणून ते कमी वेळा आणि गार पाण्यात धुवा. फाटका नसलेला कपडाच दुसऱ्याला द्या. बटणं लावून, इस्त्री करून द्या. तुटकी चेन, उसवलेली शिवण आणि डाग पडलेली कॉलर असलेलं गाठोडं संस्थेच्या दारात नेऊन ठेवलं, तर तो कचरा तिथल्या लोकांनाच निस्तरावा लागतो.